परदेशातलं व्हिएतनामी उपाहारगृह: अभ्यासाला येणाऱ्या वाचकासाठी प्रस्तावना

व्हिएतनामी खाण्यापिण्याचा अभ्यास करायला निघालेला माणूस सहसा फोपासून सुरुवात करतो. ते साहजिक आहे. फोवर भरपूर लिहून झालं आहे, त्याचा इतिहास मांडता येतो, आणि व्हिएतनाम म्हटलं की जगभर लोकांना तोच पदार्थ आधी आठवतो. तरीही या विषयात नव्याने येणाऱ्या मराठी वाचकाला माझं सांगणं वेगळं आहे. आपण सध्या जिथे राहतो, मग ते सॅन होजे असो, ह्यूस्टन असो की मेलबर्न, तिथल्या एखाद्या साध्या व्हिएतनामी उपाहारगृहात जावं आणि आधी चिकन विंग्ज मागवाव्यात. मेन्यू कार्डावर त्या ‘कान गा चिएन नुओक माम’ या नावाने असतात. फिश सॉसमध्ये मुरवून तळलेले आणि परत फिश सॉस-साखरेच्या पाकात घोळवलेले कोंबडीचे पंख.

फोच्या आधी विंग्ज का? कारण या पदार्थाला कुणी राष्ट्रीय मान दिलेला नाही. त्याच्याभोवती अभिमानाचं कुंपण नाही, त्यामुळे तो नीट न्याहाळता येतो. खुद्द व्हिएतनाममध्ये हा बिअरबरोबर खायचा पदार्थ. संध्याकाळी रस्त्याकडेला प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर मंडळी जमतात, दक्षिणेकडे बिअरमध्ये बर्फाचे खडे पडतात, आणि मध्ये अशी एखादी ताटली फिरत असते. अमेरिकेत मात्र पंखांचा इतिहास वेगळ्याच वाटेने गेला. स्टॉकच्या भांड्यात जाणारा तो स्वस्तातला भाग होता. १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरात, अँकर बारमध्ये, टेरेसा बेलिसिमो यांनी ते तळून तिखट सॉसमध्ये घोळवले, ही त्याची रूढ कथा. कॅल्विन ट्रिलिन यांनी १९८० साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात या कथेचा माग काढला आणि एकाच शहरात एकाच पदार्थाच्या जन्मकथा एकाहून जास्त असतात हे दाखवलं. तो लेख या विषयात येणाऱ्याने अवश्य वाचावा. साध्या पदार्थाचा इतिहास गांभीर्याने आणि तरीही रसाळपणे कसा लिहावा, हे त्यातून शिकता येतं.

पुढे २००५ साली ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात अँडी रिकर यांनी ‘पॉक पॉक’ हे थाई पदार्थांचं उपाहारगृह सुरू केलं. तिथे सगळ्यांत जास्त नाव झालं ते सायगावहून आलेल्या एका आचाऱ्याच्या हातच्या फिश सॉस विंग्जचं. कार्डावर त्या त्याच्याच नावाने असत. ‘पॉक पॉक’ २०२०मध्ये बंद झालं, पण तोवर फिश सॉसला नाक मुरडणाऱ्या कितीतरी अमेरिकनांनी त्या विंग्ज आवडीने खाल्ल्या होत्या. म्हणजे मासळीचा खारा रस, अमेरिकन पोल्ट्री उद्योगात स्वस्त उरलेला भाग, सायगावच्या बिअरच्या टेबलावरची रीत आणि गोऱ्या मालकाचं थाई उपाहारगृह असं सगळं एका ताटलीत आलं. आता हा पदार्थ ‘अस्सल’ आहे का, असं कुणी विचारलं तर त्या प्रश्नाने हाती काही लागत नाही. कुणी केला, कुणासाठी केला, करताना हाताशी काय होतं आणि काय नव्हतं, हे विचारावं. या प्रश्नांना उत्तरं मिळतात, ती तपासता येतात, आणि माझ्या मते हा सगळा अभ्यास त्यांच्यावरच उभा राहायला हवा.

ताटली समोर आली की लगेच हात घालू नका, आधी बघा. चांगल्या विंग्जचा रंग गडद तपकिरी असतो, काळपट नव्हे. पाक पंखाला चिकटलेला असतो, ताटलीत थारोळं साचलेलं नसतं. वर लसणाचे बारीक कुरकुरीत कण असतात. ते वेगळे तळून शेवटी टाकलेले असतात. पाकातच लसूण टाकला तर तो करपतो आणि कडवट होतो. वरचं आवरण पातळ आणि ठिसूळ असेल तर तांदळाचं पीठ किंवा स्टार्च वापरलाय असं समजावं. गव्हाच्या पिठातलं ग्लुटेन यात नसल्यामुळे कवच चिवट होत नाही आणि पाकात घोळल्यावरही काही मिनिटं कुरकुरीत राहतं. ती काही मिनिटंच महत्त्वाची. म्हणून चांगल्या ठिकाणी विंग्ज आधीपासून पाकात घोळवून ठेवत नाहीत, ऑर्डर आली की कढईत पाक आटवतात आणि पंख त्यात दोन-तीनदा उडवून लगेच बाहेर पाठवतात. बाजूला काकडी आणि गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं असतं, त्याला ‘डो चुआ’ म्हणतात. ते शोभेला ठेवलेलं नसतं. दोन पंखांमध्ये एक घास त्याचा घेतला नाही तर तिसऱ्या पंखाची चव बोथट लागते.

या पंखांचा रंग आणि चव येते कुठून, हे समजायला फिश सॉसकडे वळावं लागतं. इथे जरा थांबूया, कारण व्हिएतनामी स्वयंपाकघराचा कणा हाच आहे.

‘नुओक माम’ म्हणजे हाच फिश सॉस. त्यात मुळात दोनच जिन्नस असतात: अँकोव्ही जातीची छोटी मासळी आणि मीठ. आपली मांदेली याच कुळातली. व्हिएतनामच्या फु क्वोक बेटावर साधारण तीन भाग मासळीला एक भाग मीठ घालून मोठ्या लाकडी पिंपांत भरतात आणि वर वजन ठेवून जवळपास वर्षभर मुरू देतात. मिठामुळे मासळी सडत नाही. तिच्याच पोटातले पाचक एन्झाइम तिच्या मांसातली प्रथिनं हळूहळू तोडत जातात. पिंपाच्या तळाशी असलेल्या नळातून निथळणारा पहिला रस सर्वांत कसदार. त्यानंतर खाऱ्या पाण्याने पुन्हा काढलेला रस दुय्यम. बाटलीवर ४० किंवा ३० असा आकडा असतो तो एका लिटरमधल्या नायट्रोजनचा, ग्रॅममध्ये. जेवढा आकडा मोठा तेवढी प्रथिनं जास्त. उपाहारगृहातला आचारी तळणाला, रश्शाला आणि वरून घ्यायच्या चटणीवजा पाण्याला वेगवेगळ्या प्रतीची बाटली वापरतो का, हे विचारून बघावं. त्या एका उत्तरातून त्या स्वयंपाकघराविषयी बरंच कळतं. २०१२ साली युरोपीय संघाने ‘फु क्वोक’ या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. पिंपात भरण्यापासून रस निथळण्यापर्यंत सारं त्याच बेटावर झालेलं असेल, तरच आता युरोपात ते नाव लावता येतं.

प्रथिनं तुटून तयार झालेली अमिनो आम्लं, विशेषतः ग्लुटामेट, ही त्या खोल चवीची जननी. हीच अमिनो आम्लं गरम कढईत साखरेला भेटली की मायार अभिक्रिया होते आणि पंख झपाट्याने तपकिरी होतात. ज्या उग्र वासामुळे बाटली उघडताच माणसं मागे सरकतात, तो आणणारी द्रव्यं उष्णतेने बरीचशी उडून जातात. वरून लिंबू पिळलं की उरलेला वासही दबतो, कारण मासळीच्या वासातले अमाइन आम्लाने बांधले जातात. मासळीला आमसूल किंवा चिंच लावणाऱ्या कोकणातल्या घरांना हे वेगळं समजावायला नको.

या पिंपाला राजकीय इतिहासही आहे. पॉल डूमेर १८९७ ते १९०२ या काळात फ्रेंच इंडोचायनाचे गव्हर्नर जनरल होते. त्यांनी मीठ, दारू आणि अफू यांच्यावर सरकारी मक्तेदारी बसवली. मीठ महागलं की फिश सॉस बनवणारा अडचणीत येणारच, कारण त्याच्या पिंपाचा चौथा हिस्सा मीठच असतं. एरिका पीटर्स यांचं एकोणिसाव्या शतकातल्या व्हिएतनामी खाण्यापिण्यावरचं पुस्तक २०१२ साली आलं. वसाहतीचं राज्य आणि रोजचं ताट यांचा संबंध त्यांनी कागदपत्रांच्या आधारे उलगडला आहे. १९३०चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह ज्यांनी शाळेत वाचला, त्यांना साम्राज्य माणसाच्या जेवणात हात घालतं म्हणजे काय करतं हे या पुस्तकात चटकन ओळखू येईल.

आता फो. विंग्ज खाऊन झाल्यावर तो मागवावा, म्हणजे त्याच्याकडे दडपण न घेता बघता येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेत, हनोई आणि नाम दिन्ह या भागात, हा पदार्थ आकाराला आला. १९५४ साली जिनिव्हा करारानंतर देशाचे दोन भाग झाले आणि उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत गेले. फोही त्यांच्याबरोबर सायगावला गेला. दक्षिणेत त्याला मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीची पानं, होइसिन आणि तिखट सॉस यांची साथ मिळाली. हनोईकर अजूनही या थाटाकडे जरा नाराजीने बघतात. अमेरिकेत आपल्याला जो फो मिळतो तो बहुतांशी हा सायगावचा, कारण १९७५नंतर देश सोडणाऱ्यांत दक्षिणेतले लोक जास्त होते. पाट्यांवर ‘फो ५४’, ‘फो ७५’, ‘फो ७९’ असे आकडे दिसतात, त्यांतले बरेचसे सालांचे असतात. देश दुभंगला ते साल, सायगाव पडलं ते साल. या अभ्यासात पाटीसुद्धा दस्तऐवज म्हणून वाचावी लागते ती यासाठी.

रश्शात भाजलेलं आलं आणि कांदा, बाद्यान आणि दालचिनीच्या जातीची कॅशिया साल असते. मालवणी मसाल्यात पडणारं बाद्यान आणि आपल्या बाजारात दालचिनी म्हणून विकली जाणारी जाड साल यांतला बराच माल व्हिएतनाममधूनच येतो. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत ‘बासा’ म्हणून मिळणारे पांढरे, बिनकाट्याचे तुकडेही बरेचदा मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या शेततळ्यांतून येतात. व्हिएतनाम आपल्या ताटात आधीच आहे, फक्त त्याच्यावर नाव लिहिलेलं नाही.

कार्डावरच्या बाकी पदार्थांविषयी थोडक्यात. बान मी म्हणजे फ्रेंच पावात घातलेलं लोणचं, कोथिंबीर, मिरची, पाते आणि डुकराचं मांस. पाव वसाहतीचा, आतला ऐवज सायगावचा. कॉम ताम म्हणजे तांदळाच्या कणीचा भात. गिरणीत तुटलेली कणी गरिबांनी शिजवली, आणि आज तीच भाजलेल्या मांसाबरोबर सायगावचा मानाचा नाश्ता आहे. बुन बो ह्वे हा न्गुएन राजघराण्याच्या ह्वे शहरातला रस्सा, गवती चहा आणि आंबवलेल्या कोळंबीचा, फोपेक्षा कितीतरी झणझणीत. माझ्या मते त्याला परदेशात मिळायला हवा तेवढा मान अजून मिळालेला नाही. ज्या उपाहारगृहात तो फक्त शनिवार-रविवारी करतात तिथे शनिवारीच जावं. बान शेओ तांदळाच्या पिठाचं, हळदीमुळे पिवळंधमक. त्यात अंडं असेल असं वाटतं, पण सहसा नसतं. ते हाताने तोडून पानात गुंडाळून खायचं, काटा-चमचा लावायचा नाही. का री गा, म्हणजे नारळाच्या दुधातली कोंबडीची करी, पावाबरोबर येते. तिच्यामागे भारतीयांचा, मुख्यतः तमिळ लोकांचा, सायगावशी असलेला जुना संबंध आहे. पाँडिचेरी आणि सायगाव दोन्ही फ्रेंचांकडे होती, त्यामुळे कारकून, सैनिक आणि व्यापारी तिकडे गेले. त्यांतली काही कुटुंबं पुढे परतली, आणि पाँडिचेरीच्या काही घरांत आजही व्हिएतनामी रोल तळले जातात. हा धागा आपल्याकडच्या अभ्यासकाने उचलावा असं मला फार वाटतं.

शेवटी कॉफी. घट्ट गोड केलेलं डब्यातलं दूध, वर गाळणीतून थेंबथेंब उतरणारी काळी रोबस्टा, आणि बर्फ. कॉफी उत्पादनात व्हिएतनाम ब्राझीलनंतर जगात दुसरा. ताजं दूध सहज मिळत नव्हतं म्हणून डबा आला, आणि आता डब्याशिवाय ती कॉफी कुणाला चालत नाही.

हे सगळं शिजवणारी माणसं कोण? ३० एप्रिल १९७५ला सायगाव पडलं. पुढच्या वीस वर्षांत जवळपास आठ लाख लोक होड्यांनी निघून परक्या किनाऱ्यांवर जिवंत पोहोचले, असा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाचा हिशेब आहे. जे पोहोचले नाहीत त्यांची नोंद नाही. डेव्हिड ट्रॅन ‘हुए फाँग’ नावाच्या मालवाहू जहाजातून निघाले. १९८० साली लॉस एंजेलिसमध्ये तिखट सॉसचा धंदा उभा केल्यावर त्यांनी त्याला जहाजाचंच नाव दिलं. टेबलावरची ती हिरव्या बुचाची बाटली त्यांची. सॅन होजेमध्ये १९८३ साली दोन व्हिएतनामी खाद्यव्यवसाय सुरू झाले, ‘लीज सँडविचेस’ आणि ‘फो होआ’, आणि दोन्ही पुढे साखळ्या बनून दूरवर पसरले. एका शहरापुरतं बोलायचं तर व्हिएतनामबाहेर सर्वांत जास्त व्हिएतनामी लोक याच सॅन होजेमध्ये आहेत. त्याच खोऱ्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबंही मोठ्या संख्येने आहेत, आणि मुलांना शनिवारी मराठी शाळेत सोडून पालक तिथल्या स्टोरी रोडवर व्हिएतनामी नाश्त्याला जातात.

सगळीकडची गोष्ट मात्र सारखी नाही. बर्लिन आणि प्राग इथले व्हिएतनामी बहुतांशी निर्वासित नव्हते. पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया या साम्यवादी देशांनी त्यांना करारावर कामगार म्हणून आणलं होतं, त्यांतले पुष्कळसे उत्तरेतले होते. भिंत पडल्यावर कारखाने बंद झाले, तेव्हा जर्मनीत अनेकांनी छोट्या टपऱ्या काढल्या आणि आधी चिनी नूडल्स विकले, कारण गिऱ्हाइकाला तेवढंच ठाऊक होतं. स्वतःचे पदार्थ कार्डावर यायला वेळ लागला. पॅरिसच्या तेराव्या विभागात आणखी निराळं चित्र आहे. म्हणून ‘व्हिएतनामी उपाहारगृह’ असा एकच नमुना मनात धरून कुणी लिहू लागलं की माझा त्या लिखाणावरचा विश्वास उडतो. शहर कोणतं, मालक देशाच्या कुठल्या भागातला, कोणत्या साली आणि कशासाठी निघालेला, हे आधी लिहावं.

या विषयात आधी चालून गेलेल्यांविषयीही सांगायला हवं. व्हिएतनामी भाषेत पदार्थांवरच्या ललित लेखनाची मोठी परंपरा आहे. थाख लाम यांनी हनोईच्या गल्ल्यांवर आणि तिथल्या खाऊवर लिहिलं, न्गुएन तुआन यांचा फोवरचा निबंध १९५७चा, आणि व्हू बांग यांनी हनोईच्या पदार्थांवरचं पुस्तक १९५४नंतर सायगावात राहून पूर्ण केलं. घर तुटल्याचं दुःख त्यात पानोपानी आहे. दुर्गाबाई भागवतांचं ‘खमंग’ ज्यांनी जिवाभावाने वाचलं त्यांना ही मंडळी परकी वाटणार नाहीत. इंग्रजीत आंद्रिया न्गुएन यांची पाककृतींची पुस्तकं ही नुसती कृतींची पुस्तकं नव्हेत, प्रत्येक पदार्थामागचं घर आणि बाजार त्यांत येतो. कृष्णेंदू राय यांचं स्थलांतरितांच्या उपाहारगृहांवरचं पुस्तक २०१६ साली आलं. एखाद्या देशाच्या जेवणाची किंमत गिऱ्हाइक किती लावतो हे त्या देशातून आलेल्या लोकांच्या सामाजिक प्रतिष्ठेवर ठरतं, हा त्यांचा मुद्दा मला या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अर्जुन अप्पादुराई, मुंबईत वाढलेले, यांनी १९८८ साली भारतीय पाककृतींच्या पुस्तकांवर लिहिलेला निबंध व्हिएतनामविषयी एक शब्द बोलत नाही, तरी राष्ट्राचं जेवण कसं घडवलं जातं हे समजून घ्यायला त्याच्याइतका उपयोगी मजकूर माझ्या वाचनात नाही.

मराठीत या विषयावर जवळजवळ काहीच नाही, आणि म्हणूनच तुमची गरज आहे. ज्यांनी होडीतून किनारा गाठला आणि पहिलं उपाहारगृह उघडलं ती पिढी आता थकली आहे. त्यांची मुलं डॉक्टर, इंजिनिअर झाली, आणि बरीच दुकानं मालक निवृत्त होताच बंद होत आहेत. तेव्हा जिथे राहता तिथल्या उपाहारगृहात नियमाने जा. गर्दी नसेल अशा वेळी, दुपारी तीनच्या सुमारास, मालकीणबाईंशी बोला आणि आधी परवानगी घ्या. कार्ड जुनं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. किमती, खोडलेले पदार्थ, हाताने वाढवलेल्या ओळी, सगळं त्यात येऊ द्या. दाराजवळ जमिनीवर छोटं देवघर दिसेल, त्यात धनदेवता आणि भूमिदेवता असतात. तिथे आज काय वाहिलंय तेही लिहा. विंग्ज कोणत्या साली कार्डावर आल्या आणि कुणी सुचवल्या, हे विचारायला विसरू नका. प्रत्येक नोंदीवर तारीख, गाव आणि सांगणाऱ्याची संमती असू द्या, आणि हे सगळं मराठीत लिहा.